स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर चपाती अडकते, उलट्या होतात, केस गळतात: खायचं काय आणि कसं?

प्रश्न थोडक्यात असा: सांगली जिल्ह्यातल्या एका गृहस्थांच्या पत्नीची, वय 41, अडीच महिन्यांपूर्वी वजन घटवण्यासाठी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (जठराचा मोठा भाग काढून नळीसारखा अरुंद भाग ठेवण्याची शस्त्रक्रिया) झाली. वजन 108 वरून 91 किलोवर आलं. त्या पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. चपाती किंवा भात खाल्ला की छातीत अडकतो आणि आठवड्यातून तीन-चारदा उलटी होते. म्हणून जे मऊ आहे त्यावर, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, तांदळाची पेज, चहा-बिस्कीट यांवर भागवणं चाललंय. व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून तीन आठवड्यांपासून त्या बंद. केस मूठमूठ गळताहेत. श्रावणी सोमवार आणि पुढे नवरात्र करावं का, असंही त्यांनी विचारलंय.

सगळ्यात घाईची गोष्ट आधी. तुम्ही केसांबद्दल भरभरून लिहिलंय आणि गोळ्या बंद केल्याचं जाता जाता. खरी काळजी त्या गोळ्यांची आहे. व्हिटॅमिन बी-1, म्हणजे थायमिन, आपल्या शरीरात जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल एवढंच साठलेलं असतं. वारंवार उलट्या, गोळ्या बंद आणि आहारात नुसतं पिष्ट, या तीन गोष्टी वहिनींच्या बाबतीत एकत्र आल्या आहेत. पेज आणि साबुदाणा यांत थायमिन जवळपास नसतंच, उलट त्यांतल्या पिष्टापासून ऊर्जा करायला ते खर्च होतं. साठा संपला की पायांना मुंग्या किंवा जळजळ, चालताना झोक जाणं, एकाचे दोन दिसणं, बुबुळं थरथरणं, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणं दिसू लागतात. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा. यात मेंदूवर होणाऱ्या परिणामाला वर्निके एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. उपचाराला उशीर झाला तर चाल आणि स्मरणशक्ती कायमची बिघडू शकते.

अशा वेळी घरच्यांनी कॅज्युअल्टीत एक वाक्य न विसरता सांगायचं: "वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालंय, उलट्या होताहेत, ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी थायमिनचं इंजेक्शन द्या." अशक्तपणा म्हणून आधी ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही संपतं. गावातल्या दवाखान्यात सगळ्यांच्या हे लगेच लक्षात येईलच असं नाही, म्हणून तुम्हीच सांगा. थायमिनच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट यायला दिवस लागतात, उपचार त्याच्यासाठी थांबवत नाहीत. यातलं कोणतंही लक्षण नसेल तरी उद्या सकाळी सर्जनच्या टीमला फोन करून थायमिन ताबडतोब कसं सुरू करायचं, गोळी की इंजेक्शन, ते विचारून घ्या. नेहमीची गरज दिवसाला किमान 12 मिलिग्रॅमची. उलट्या होणाऱ्या माणसाला 50 ते 100 मिलिग्रॅम देतात, गरज पडली तर त्याहून बरंच जास्त.

आता उलटीकडे. दोन प्रकार ओळखायला शिका. पाणी, ताक, पातळ वरण बिनबोभाट जातं आणि फक्त चपाती-भाताला त्रास होतो, तर दोष बहुतेक वेळा खाण्याच्या पद्धतीत असतो. पण पातळही अडकू लागलं, त्रास दर आठवड्याला वाढत चालला, गिळलेली लाळसुद्धा वर येऊ लागली, तर नळी कुठेतरी अरुंद झाली असण्याची शक्यता आहे. स्लीव्हमध्ये ती मधल्या वळणाशी होते, बायपासमध्ये (जठराची लहान पिशवी करून ती आतड्याला जोडण्याच्या शस्त्रक्रियेत) जोडाच्या जागी. ती दुर्बिणीतून बघून फुग्याने रुंद करता येते. तिथे चमचा बदलून किंवा सावकाश जेवून काही होणार नाही, वेळ फक्त वाया जाईल.

चपातीच का अडकते? पूर्वी जठराचा वरचा घुमटासारखा भाग घास आला की सैल पडून जागा करून द्यायचा. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. साधारण 75 ते 80 टक्के जठर काढल्यावर केळ्याच्या आकाराची, 100 ते 150 मिलिलिटरची एक नळी उरते आणि ती फारशी ताणत नाही. गव्हातलं ग्लूटेन चिकट असल्यामुळे चावलेल्या चपातीचा आत जाऊन पुन्हा गोळा होतो. भाताची शितं ओलाव्याने फुगतात. पाव या दोघांपेक्षा वाईट.

एक प्रयोग घरीच करा. चपातीचा नखाएवढा तुकडा दहा वेळा चावून ताटलीत काढून बघा. धागे आणि कडा तशाच दिसतील. आता तसाच तुकडा तीस वेळा चावून काढा. बाळाला भरवायच्या खिमटीसारखा झाला असेल तरच तो त्या नळीतून जाण्याजोगा. दिसायला किळसवाणं वाटेल, पण एकदा डोळ्यांनी पाहिलं की "नीट चाव" हे दहा वेळा सांगावं लागत नाही.

खाताना चहाचा चमचा वापरा, जेवणाचा नको. दोन घासांमध्ये चमचा खाली ठेवा. अर्धी-पाऊण वाटी खायला 20 ते 25 मिनिटं लागली पाहिजेत. पहिला घास सर्वांत लहान घ्या, कारण बराच वेळ रिकाम्या राहिलेल्या नळीत पहिलाच घास जास्त अडकतो. पोट भरल्याची खूण आता पूर्वीसारखी मिळणार नाही. अचानक नाक वाहायला लागणं, शिंक, उचकी, मोठा उसासा किंवा छातीच्या हाडाखाली जडपणा, यातलं काहीही झालं की तिथेच थांबायचं. ताटात दोन चमचे उरले म्हणून ते संपवायचे नाहीत. मराठी घरात पानात टाकू नये असं शिकवलेलं असतं, म्हणून मुळात पानात वाढायचंच कमी.

अडकलंच तर वरून पाणी प्यायचं नाही. घास खाली जात नाही आणि पाणी वर साठून फेसाळ उलटी होते. उठून उभं राहावं, खोलीत फेऱ्या माराव्यात, खांदे मागे घ्यावेत. बहुतेक वेळा अर्ध्या-एक तासात मोकळं होतं. नंतर पुढचा दिवसभर पातळ आहार ठेवायचा, कारण आतून सूज आलेली असते आणि लगेच घन खाल्लं की तेच चक्र पुन्हा सुरू होतं. तीन-चारदा उलट्या होण्यामागे बऱ्याचदा ही एकच चूक असते.

आता मुख्य मुद्दा. वहिनी "जे मऊ ते" या कसोटीवर खाताहेत. तिच्या जागी "ज्यात प्रोटीन ते, आणि तेही मऊ" ही कसोटी हवी. वजन 17 किलोंनी उतरलं हे चांगलं दिसतं, पण त्यात चरबी किती आणि स्नायू किती हे वजनकाटा सांगत नाही. प्रोटीन कमी पडलं की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. जिना चढताना मांड्या भरून येणं, डब्याचं झाकण न उघडणं, खुर्चीतून उठताना हात टेकावा लागणं ही त्याची घरातली लक्षणं. उद्दिष्ट दिवसाला किमान 60 ग्रॅम, जमलं तर 80 पर्यंत. सध्याच्या आहारात त्यांना 20 तरी मिळत असेल का, शंका आहे. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ शून्य, पेजेत नाममात्र, चार मारी बिस्किटांत दीड-दोन ग्रॅम.

शाकाहारात 60 गाठणं अवघड आहे पण जमतं, फक्त मोजावं लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत तूर, मूग, हरभरा या डाळींमध्ये 100 ग्रॅमला 21 ते 24 ग्रॅमच्या दरम्यान प्रोटीन आहे. वाचताना भरपूर वाटतं, पण तो आकडा कोरड्या डाळीचा. आपल्या नेहमीच्या पातळ वरणाच्या वाटीत डाळ 15 ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे प्रोटीन तीन-साडेतीन ग्रॅम, बाकी पाणी. वरण घट्ट करा, भातावर घेण्याचं नव्हे तर चमच्यावर उभं राहील असं. त्याहून सोयीचं पिठलं: 25 ग्रॅम बेसनाच्या घट्ट पिठल्यात साडेपाच ग्रॅम मिळतं, मऊ असतं, अडकत नाही. तेल बेताचं आणि मिरची कमी.

दही तसंच देण्यापेक्षा चक्का करून द्या. अर्धा किलो घरचं दही सुती कापडात चार-पाच तास टांगलं की सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास चक्का उरतो. 100 ग्रॅम दह्यात साधारण साडेतीन ग्रॅम प्रोटीन, तेवढ्याच चक्क्यात जवळपास दुप्पट, आणि जागा तीच. त्यात साखर घालून श्रीखंड करायचं नाही. जिरेपूड, मीठ, किसलेली काकडी घाला. खाली उतरलेलं पाणी फेकू नका, घरच्यांच्या कणकेत वापरा. पनीर 50 ग्रॅम म्हणजे नऊ ग्रॅमच्या वर, पण तुकडे न ठेवता हाताने कुस्करून ओलसर भुर्जी करा. तळलेलं किंवा तव्यावर वाळलेलं पनीर रबरासारखं होतं आणि अडकतं. सोयाचा बारीक चुरा (मोठ्या वड्या नकोत) 15 ग्रॅम कोरडा घेतला तर साडेसात ग्रॅम. गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळला की वास जातो.

इतकं करूनही पहिले चार-सहा महिने व्हे प्रोटीनशिवाय बेरीज जमत नाही. जिमची पावडर म्हणून घरात नाक मुरडलं जातं, पण ते दुधाचंच प्रोटीन आहे. डब्यामागे बघा: 30 ग्रॅमच्या चमच्यात 22 ते 25 ग्रॅम प्रोटीन आणि साखर अगदी थोडी असावी. दुकानातल्या बहुतेक माल्टच्या चॉकलेटी पावडरी या कामाच्या नाहीत, त्यांत मुख्यतः साखर आणि पिष्ट असतं. दुधाने पोट फुगत असेल तर आयसोलेट प्रकार घ्या. उकळत्या दुधात टाकलं की व्हेच्या गुठळ्या होतात, दूध कोमट किंवा गार हवं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

दिवस साधारण असा बसतो. सकाळी सातला 150 मिलिलिटर कोमट दुधात अर्धा चमचा व्हे, 17 ग्रॅम. साडेनऊला मुगाचं छोटं मऊ धिरडं, 20 ग्रॅम डाळीचं, त्यावर 30 ग्रॅम कुस्करलेलं पनीर, 10 ग्रॅम. एक वाजता अर्धी वाटी घट्ट वरण किंवा नीट शिजवून घोटलेली मुगाची उसळ आणि तीन-चार चमचे चक्का, 9 ग्रॅम. चारला पाण्यात किंवा ताकात उरलेला अर्धा चमचा व्हे, 12 ग्रॅम. साडेसहाला सोयाचुऱ्याची ओलसर भाजी, 7 ग्रॅम. साडेआठला पिठलं आणि दोन चमचे पनीर भुर्जी, 9 ग्रॅम. बेरीज 64. यात चपाती कुठे नाही, हे मुद्दाम आहे. प्रोटीन संपल्यावर जागा उरली तर मऊ शिजलेली भाजी, दुधी, भोपळा, दोडका. त्यानंतरही उरली तर ज्वारीची भाकरी आमटीत पूर्ण भिजवून कुस्करलेली, दोन चमचे. भाकरीत ग्लूटेन नसल्याने ती चपातीपेक्षा सहज सुटते. सुकी, कडक भाकरी मात्र नको. चपाती आणखी महिन्याभराने, पापुद्र्याएवढ्या तुकड्याने पुन्हा करून बघता येईल.

चहा बंद करा असं नाही म्हणत, पण अर्धा कप, बिनसाखरेचा, आणि बिस्किटाशिवाय. बिस्कीट, चिवडा, खारी, आइस्क्रीम या गोष्टी तोंडात विरघळतात आणि नळीतून सरळ घसरतात, पोट भरल्याची खूणच येत नाही. आज उलटीच्या भीतीने लागलेली चहा-बिस्किटाची सवय दुसऱ्या वर्षी वजन परत आणते. तेव्हा भूक परतलेली असते आणि वाटीभर चिवडा आरामात जातो.

पाणी दिवसाला दीड ते दोन लिटर, पण जेवणासोबत नाही. खाण्याआधी 15 मिनिटं आणि नंतर अर्धा तास थांबा. एका वेळी दोन-तीन घोट, दर 10-15 मिनिटांनी. लिटरच्या बाटलीवर मार्करने चार रेघा मारा आणि प्रत्येक रेघेला वेळ लिहा, नाहीतर संध्याकाळी सहाला अर्धी बाटली उरलेली दिसते आणि मग घटाघटा पिऊन उलटी. पातळ ताक, लिंबूपाणी, वरणाचं पाणी धरायला हरकत नाही. सोडा आणि शीतपेयं नकोत. लघवी गडद पिवळी, उठताना चक्कर, तोंड कोरडं, म्हणजे पाणी कमी पडतंय. रक्तदाबासाठी लघवीची गोळी किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर डोस पुन्हा तपासून घ्या. वजन उतरल्यावर जुना डोस जड होतो, साखर किंवा बीपी अचानक पडतो.

गोळ्यांकडे परत येऊ. त्या आयुष्यभराच्या आहेत, सहा महिन्यांच्या नाहीत. मळमळ बहुतेक रिकाम्या पोटी घेतल्याने किंवा एकदम तीन-चार घेतल्याने होते. मल्टिव्हिटॅमिन चघळायचं घ्या आणि सकाळच्या खाण्यानंतर अर्ध्या तासाने. जेलीसारख्या गमी घेऊ नका, त्यांत बहुधा लोह नसतं आणि इतर घटकही अपुरे असतात. अमेरिकेतल्या बॅरिअॅट्रिक सर्जनांच्या संघटनेने 2016 साली दिलेली प्रमाणं भारतातही वापरात आहेत: मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रीला लोह 45 ते 60 मिलिग्रॅम, कॅल्शियम 1200 ते 1500 मिलिग्रॅम, बी-12 तोंडावाटे 350 ते 500 मायक्रोग्रॅम रोज किंवा महिन्याला 1000 मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, डी-3 रोज 3000 युनिट. कॅल्शियम एका वेळी 500-600 मिलिग्रॅमपेक्षा जास्त शोषलं जात नाही, म्हणून दोन-तीन भागांत, आणि शक्यतो सायट्रेट. कार्बोनेटला आम्ल लागतं, ते आता कमी आहे.

लोह आणि कॅल्शियम कधीच एकत्र नाही, मध्ये किमान दोन तास. लोहाच्या आगेमागे चहा आणि दूधही नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्या. मळमळ लोहानेच होत असेल तर रात्री झोपताना किंवा एक दिवसाआड घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. अगदीच सोसत नसेल तर शिरेतून लोह देता येतं. थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती या दोन्हींपासून चार तास लांब. डी-3 चं 60,000 युनिटचं आठवड्याचं पाकीट ठरवून दिलेल्या आठवड्यांपुरतंच घ्या, वर्षानुवर्षं नाही, ते शरीरात साठतं. बी-12 ची कमतरता शाकाहारी माणसात शस्त्रक्रियेआधीच असते बऱ्याचदा, म्हणून "साठा दोन-तीन वर्षं पुरतो" हे पुस्तकातलं वाक्य आपल्याकडे गृहीत धरू नये.

केसांचं थोडक्यात. मोठी शस्त्रक्रिया आणि वेगाने उतरणारं वजन यांमुळे बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन ते चार महिन्यांनी गळतात. मुळं शाबूत असतात, सहा ते नऊ महिन्यांत नवे येऊ लागतात. प्रोटीन, लोह आणि झिंक भरून काढणं हाच उपाय. बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या विकत आणू नका. कमतरता नसेल तर फायदा नाही, आणि त्यांच्यामुळे थायरॉईडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचा बायपास झाला असेल तर दोन गोष्टी वेगळ्या. जिलेबी, उसाचा रस, पुरणपोळी खाल्ल्यावर 10 ते 30 मिनिटांत धडधड, घाम, जुलाब, किंवा एक ते तीन तासांनी साखर घसरून थरथर, हे डम्पिंग. आणि अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक चुकूनही नाही, जोडाशी अल्सर होतो. पॅरासिटामॉल चालतं. तंबाखू आणि मिश्रीनेही तोच अल्सर होतो. स्लीव्हवाल्यांनीही या वेदनाशामकांपासून लांबच राहिलेलं बरं.

तिसऱ्या महिन्याच्या तपासण्या आता करायच्याच आहेत: हिमोग्राम, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), बी-12, फोलेट, डी-3, कॅल्शियम, पॅराथायरॉईड, अल्ब्युमिन, यकृत, क्रिएटिनिन. नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका, फेरिटिन त्याच्या बरंच आधी घसरतं. बर्फ किंवा कच्चे तांदूळ चघळावेसे वाटत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, ती लोह कमी असल्याची खूण असते. उजव्या बरगडीखाली जेवणानंतर दुखत असेल तर सोनोग्राफी करून घ्या. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून पहिले सहा महिने त्यासाठी गोळी दिलेली असते. ती बंद केलेल्या गोळ्यांत गेली नाही ना, ते पाहा.

राहिले उपवास. या श्रावणात सोमवार धरू नयेत. दिवसभर काही नाही आणि संध्याकाळी एकदम पान, हे या नळीला सोसत नाही. आणि उलट्या चालू असताना तर बिलकूल नाही. निर्जळी उपवास पहिल्या वर्षात विसराच. नवरात्राचा विचार मात्र करता येईल. तोवर सलग महिनाभर उलटी नसावी, प्रोटीन 60 च्या पुढे असावं, रिपोर्ट समाधानकारक असावेत. मग उपवासाचं पान असं: दूध, चक्का, पनीर, दुधात शिजवलेलं राजगिऱ्याचं पीठ, चमचाभर कुटाची पातळ आमटी आणि त्यात अगदी मऊ शिजलेली दोन चमचे भगर. साबुदाणा नाही. व्हे उपवासाला चालतं का हे घरातल्या मोठ्यांशी आधीच बोलून घ्या, दुधाचंच आहे म्हटल्यावर बहुतेक जण मान्य करतात. गोळ्या नऊही दिवस चालू.